चायना आप्पा

"दोन हातांनी दे," धर्मराज म्हणाला. "एका हातानं कुत्र्याला टाकतात."

नामाने हसत ग्लास दोन्ही हातांत धरला, कमरेत वाकला आणि पुढे केला. "घ्या, चायना आप्पा."

बंदराच्या गेटबाहेर केशरबाईच्या टपरीवर हा खेळ रोज सकाळी चालायचा. धर्मराज घरत चोपन्न वर्षांचा होता, जहाजांवरचा माल उतरवणाऱ्या ठेकेदाराचा वॉचमन होता आणि आजूबाजूच्या पाच गावांत चीन बघून आलेला एकटा माणूस होता. 'बघून आलेला' हे त्याचं म्हणणं. खरं तर त्याला नेलं होतं. बासष्टच्या लढाईत तो फौजेत ट्रक चालवायचा. नोव्हेंबरात पकडला गेला, हिवाळा तिबेटातल्या कैद्यांच्या छावणीत काढला आणि उन्हाळ्याच्या तोंडावर सुटून आला. आल्यावर आपल्याच लोकांनी महिनाभर उलटसुलट चौकशी केली आणि घरी पाठवून दिलं.

गावात पोरंटोरं 'चिनी आला, चिनी आला' करत मागे लागायची. दोन वर्षं त्याने ते सोसलं. मग त्याच्या ध्यानात आलं, की चिडवणाऱ्याला आपणच आधी एखादी गोष्ट सांगितली की तो चिडवायचं विसरतो आणि तोंड उघडं टाकून ऐकत बसतो. तेव्हापासून तो सांगत राहिला. चिनी माणूस आडनाव आधी लावतो. काही द्यायचं-घ्यायचं तर दोन्ही हातांनी. तहान लागली की गरम पाणी पितो. चहात दूध घातलेलं बघितलं तर त्याला मळमळतं. सुतकात पांढरं नेसतो. कागद त्यांनी शोधला, बंदुकीची दारूही त्यांनीच शोधली. "आनि ती आमच्यावर वापरून बघितली," असं म्हणून तो स्वतःच हसायचा.

भाषा मात्र त्याला येत नव्हती. चाळीस शब्द फार तर. रांगेत उभं राहा, बस, पाणी, भात, एक ते दहा आकडे. पण वासरांत लंगडी गाय शहाणी. बंदरात कधी चिनी जहाज लागलं, की कोणी ना कोणी त्याला बोलवायचं. तो दोन शब्द टाकायचा, खलाशी खूश होऊन पाठीवर थाप मारायचे आणि खाली उभ्या असलेल्या मंडळींना वाटायचं, काय फाडफाड बोलतो हा माणूस. 'मला एवढंच येतं' असं म्हणायची वेळ पुष्कळदा आली होती. त्याने ती प्रत्येक वेळी जाऊ दिली.

पंच्याण्णव सालातला जानेवारीचा शेवटचा दिवस होता तो. धक्क्याला भंगार घेऊन आलेलं चिनी जहाज लागलं होतं आणि त्याच्या केबिनच्या दारांवर लाल कागदाच्या पट्ट्या चिकटवलेल्या दिसत होत्या.

"आज त्यांचा नवा साल," धर्मराज म्हणाला. "आमच्या छावनीत पन लावलेल्या. आज ते झाडू मारत नायत, नशीब झाडून जातो म्हनून. आनि आजच्या दिवशी मरनाचा नाव तोंडातून काढत नायत. जीभ चावतील, पन काढनार नायत."

"मंग चार कसा बोलतील?" नामाने विचारलं. ही गोष्ट त्याने शंभरदा ऐकली होती, तरी आप्पाला बोलतं करायला त्याला आवडायचं.

"तीच तर गंमत हाय. चारला सि. मेला त्याला पन सि. जरा हेल निराला. म्हनून चार आकडा त्यांना नको वाटतो."

"आनि जहाजाला फाळके चार," नामा म्हणाला. फाळके म्हणजे जहाजाच्या पोटात उतरायची तोंडं. "चौथ्यात मी कालच उतरून आलो. काय झाला नाय मना."

ग्लास ठेवून तो कामावर गेला. चाळीशीचा, दणकट, बोलघेवडा गडी. धर्मराजच्या घरापासून दोन घरं सोडून राहायचा.

दहाच्या सुमाराला दोन नंबरच्या फाळक्यात काम चालू असताना आतला भंगाराचा ढीग घसरला. टोळीतली माणसं बाजूला उड्या मारून वाचली. मुकादमाने डोकी मोजली, तर एक कमी. नामा नव्हता. माणसं हातांनी लोखंड उपसायला लागली. दिसेल त्याला मुकादम हाका मारत होता.

कोणालाच ठाऊक नव्हतं, की नामा त्या ढिगाजवळ नव्हताच. काल चौथ्या फाळक्यात साखळी राहिली होती, ती आणायला तो कोणाला न सांगता, रात्रभर बंद असलेलं झाकण उचलून खाली गेला होता. भिजलेलं भंगार बंद जागेत गंजत पडलं, की तिथली हवा खाऊन टाकतं. हे नंतर डॉक्टरने सांगितलं.

धर्मराज गेटवरून धावत जहाजावर, दोन नंबरच्या तोंडाशी आला, तेव्हा जहाजाच्या मागच्या टोकाला कठड्याशी एक म्हातारा खलाशी ओरडत होता. दोराचं भलंमोठं वेटोळं त्याने दोन्ही हातांनी कवटाळलं होतं. बाकीचे खलाशी आत नव्या सालाच्या जेवणाला बसले होते. क्रेनचा आवाज, लोखंडाचा आवाज, त्यात त्याचा चिरका गळा.

"आप्पा, विचारा त्याला, काय बोलतो!" मुकादम म्हणाला.

धर्मराजने मान वर करून कान दिला. खलाशी तीनदा ओरडला. पुढे-मागे दोन-तीन शब्द होते, ते धर्मराजला लागले नाहीत. लागला तो एकच.

सि.

तो शब्द त्याच्या अंगात बत्तीस वर्षं होता. छावणीत त्याच्याशेजारी झोपणारा ड्रायव्हर एका पहाटे उठला नाही. पहारेकऱ्याने त्याच्या मानेला हात लावला, धर्मराजकडे बघितलं आणि हळू आवाजात म्हणाला, "सि ला." रागाने नाही, आपल्या घरातलं कोणी गेल्यासारखं म्हणाला. बाकीचे शब्द धर्मराजने शिकले होते, हा आपोआप आत जाऊन बसला होता.

"काय बोल्ला?" मुकादमाने विचारलं. पंधरा-वीस माणसं हात थांबवून धर्मराजकडे बघत होती.

"मेला म्हनतोय," धर्मराज म्हणाला.

सुपरवायझर श्यामसुंदर साहेब पुढे आले. जुईनगरला राहणारा, नियमाने चालणारा, वाईट नसलेला माणूस. "मग आता कोणी हात लावू नका," ते म्हणाले. "सगळे वर या. पोलीस येऊ दे, पंचनामा होऊ दे. अजून एक गेला तर मी काय सांगू?"

माणसं वर आली. कोणी डोकी धरून बसली, कोणी बिडी पेटवली. क्रेन बंद झाली. कठड्याशी आता कोणी नव्हतं. धर्मराजने टोपी काढून हातात घेतली. आपण वाईट बातमी सांगितली, पण नीट सांगितली, असं त्याला वाटलं. एवढ्या माणसांत आपल्यालाच ते कळलं, असंही त्या दुःखात कुठेतरी वाटून गेलं. पुढे आयुष्यभर त्याला त्या क्षणाची सगळ्यात जास्त लाज वाटली.

वीस-पंचवीस मिनिटांनी जहाजाच्या मागच्या बाजूला गलका झाला. जेवण सोडून धावलेल्या खलाशांनी चौथ्या फाळक्यातून दोघांना ओढून काढलं होतं. दोर बांधून एकटाच खाली उतरलेला तो म्हातारा खोकत होता, ओकत होता. नामा खोकत नव्हता.

"अंग गरम हाय रे!" मुकादम किंचाळला. जीपमध्ये घालून त्याला नेलं. डॉक्टरने बराच वेळ छाती दाबली, मग हात काढून घेतले.

"आधी आणला असता तर प्रयत्न तरी करता आला असता," डॉक्टर म्हणाला. "वाचला असता असं नाही म्हणत मी. सांगता येत नाही."

धर्मराज धक्क्यावर परतला, तेव्हा म्हातारा खलाशी जिन्याच्या पायरीवर ब्लँकेट पांघरून बसला होता. धर्मराजला बघून त्याने ब्लँकेटमधून हात काढला आणि चार बोटं वर केली. बोटं तशीच धरून बघत राहिला.

भोवतालच्या लोकांना तो फाळक्याचा नंबर वाटला. नंबरच होता तो. कठड्यावरून ओरडलेला 'सि'ही नंबरच होता.

त्या दिवशी मरणाचं नाव तो म्हातारा घेणारच नव्हता. हे बंदरात दुसऱ्या कोणाला माहीत नसेल, पण धर्मराजला माहीत होतं. सकाळीच त्याने ते टपरीवर बसून सांगितलं होतं आणि ऐकणारा नामा होता.

चौकशीचे कागद झाले. 'दुभाष्याने सांगितल्यानुसार' असं एका ओळीत लिहिलं होतं. धर्मराजने त्याखाली सही केली. "तुम्ही ऐकलं ते सांगितलंत, आप्पा," श्यामसुंदर साहेब म्हणाले. "तुमचा काय दोष?"

घरी त्याने बायकोला, गोजराला, खरं काय ते सांगितलं. तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं.

"कोनाला बोलू नको," ती म्हणाली. "सांगून तो परत येनार हाय का? त्याच्या बायकोला उगाच जन्माचा घोर."

"तिला नको का कलायला?"

"तुला सांगून मोकला व्हायचाय. तिचा काय?"

तिचं खोटं नव्हतं. धर्मराज दहा दिवस त्याच्यावर विचार करत राहिला. टपरीवर जाणं त्याने सोडलं. झोपेत तो आकडे म्हणतो, असं गोजराने शेजारी सांगितलं. ई, अर, सान. पुढे थांबतो.

बाराव्याचं उरकलं, पाहुणे गेले, तेव्हा तो नामाच्या घरी गेला. नामाची बायको जयमाला ओटीवर सुपात तांदूळ निवडत होती. तिने सूप बाजूला ठेवलं, आत जाऊन चहाचं आधण ठेवलं आणि येऊन बसली. धर्मराजने सगळं सांगितलं. खलाशी काय ओरडला, त्याने काय ऐकलं, माणसं कशी वर आली, किती वेळ गेला. काही वगळलं नाही आणि स्वतःसाठी काही घातलंही नाही.

ती ऐकत होती. मग तिने विचारलं, "तवा ते जिते होते?"

"ठावं नाय. असतील."

"तुमाला ती भाषा येत नव्हती?"

"नाय."

"मंग येत नाय, असा बोलायचा होता."

ती हे ओरडून बोलली नाही. ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

आत आधण उतू गेल्याचा आवाज झाला. ती उठून गेली. आता ती बाहेर येणार नाही असं त्याला वाटलं, पण निघून जाण्याचीही त्याची हिंमत होईना. या घरात त्याला चहा नेहमी दोन हातांनी मिळायचा. नामाने चेष्टेत सुरू केलं होतं आणि मग घराला सवयच लागली होती. लग्न होऊन आली तेव्हा जयमालाही पदर सावरत, हसू दाबत, दोन्ही हातांनी कप पुढे करायची.

ती बाहेर आली. एका हाताने तिने कप त्याच्यापासून हातभर लांब जमिनीवर ठेवला आणि पुन्हा सूप मांडीवर घेतलं.

धर्मराज जरा पुढे सरकला. त्याने कप दोन्ही हातांनी उचलला आणि खाली मान घालून चहा संपेपर्यंत प्यायला. जयमाला तांदळातले खडे वेचून बाजूला टाकत होती.