तीर्थातलं मीठ

पेटीवरचा दिवा पेटला आणि पहिला दगड सोजराबाईच्या कपाळावर बसला.

मांडवगण फराट्याच्या पुढच्या वस्तीवर ही गर्दी लोटली होती. मी पुण्याहून आले होते माझ्या पेशंटला, शितलला शोधत. मेंदूत गाठ, ऑपरेशनची तारीख ठरलेली आणि बाईचा पत्ता नाही. शितल इथे ओसरीवर भिंतीला टेकून बसली होती. तिचा सासरा पोपटराव काठी घेऊन अंगणात उभा, आणि मधोमध भगव्या कफनीत विनोद महाराज, पुढ्यात दोन कड्या आणि दिवा लावलेली पेटी.

“माऊली, पुण्याच्या डाक्टरांनीच सांगितलंय, पोरीच्या डोक्यात करंट जास्ती हाय,” महाराज गरजत होते. “मंग त्यो सोडला कुणी? जिनं सोडला तिच्या अंगात फेज. माझी पेटी न्यूट्रल. चेटकिणीनं कड्या धरल्या की सर्किट पुरं.”

त्यांच्या हातातला रंगीत फोटो आमच्याच हॉस्पिटलचा होता. शरीराच्या कुठल्या भागातून वीज किती सहज जाते, ते एमआरआयवरून दाखवणारी ही नवी तपासणी. शितलची गाठ त्यात लाल उमटली होती. लाल म्हणजे जिथून करंट जास्त जातो तो भाग, एवढं आम्ही घरच्यांना सांगितलं. या शहाण्यांनी अर्थ काढला, करंट कुणीतरी सोडलाय.

सोजराबाई शेजारची विधवा. शितल आजारी पडल्यापासून तिच्या पोरांना भाकरी करून घालायची. हाच तिच्याविरुद्धचा पुरावा.

आता काठ्या सुरू झाल्या. तिच्या कोपराचं हाड मोडलेलं मी कानानं ऐकलं. “आरं पोपट, मी काय केलंय रं,” ती म्हणत होती आणि पोपटराव मारत होता. कुणीतरी तिचे केस धरून डोकं जोत्यावर आपटलं. मी मधे घुसले तर एक काठी माझ्या खांद्यावर बसली.

“थांबा. मी शितलची डॉक्टर आहे. मलाही कड्या धरू द्या.”

“धरा की,” महाराज म्हणाले. “आधी हाताला अंगारा चोळा.”

अंगारा सगळ्यांनीच चोळला होता आणि त्यांच्यापैकी कुणीही कड्या धरल्या तरी दिवा पेटला नव्हता. एकट्या सोजराबाईला मात्र, तिचे हात पापी म्हणून, तांब्यातल्या तीर्थात बुडवायला लावले होते. मी ते तीर्थ जिभेला लावून पाहिलं. चक्क मिठाचं पाणी. मी त्यात हात बुडवले आणि कड्या धरल्या. दिवा पेटला.

“हं, आता मला मारा,” मी म्हणाले. काठ्या खाली झाल्या. मग तोच तांब्या मी महाराजांच्या हातांवर ओतला आणि कड्या त्यांच्या मुठीत कोंबल्या. दिवा पुन्हा पेटला. महाराज पेटी उचलून पळायला लागले, तशी ती पडून फुटली. आत बॅटरी, दिवा आणि रेडिओत असतो तसला एक चिमुकला ट्रान्झिस्टर, हातातून जाणारा बारीकसा करंट वाढवून दिवा पेटवणारा.

“राखेनं कोरडे झालेले हात वीज अडवतात, खारट ओले हात वाहून नेतात. दैवी काही नाही,” मी सांगितलं. “शितलच्या गाठीतही आजूबाजूपेक्षा पाणी आणि मीठ जास्त आहे, म्हणून ती लाल दिसते. मशीनच्या रेडिओलहरी त्या भागातून जाताना किंचित बदलतात, त्यावरून कॉम्प्युटर नकाशा रंगवतो. करंट कुणीही सोडलेला नाही.”

मग त्याच काठ्या महाराजांवर उठल्या. पहिल्याच फटक्यात त्यांचे दात बाहेर आले. “अरे, त्याला पोलिसांकडे द्या,” मी ओरडले. “आणि आधी हिला उचला.”

सोजराबाईच्या कानातून रक्त येत होतं. जीपमध्ये तिला आणि शितलला शेजारी शेजारी घेतलं. पोपटराव स्वतः चालवत होता. शिक्रापूरच्या अलीकडंच सोजराबाईचा श्वास थांबला. छाती दाबून दाबून माझे हात भरून आले, पण ती गेलीच.

शितल वाचली. पोपटराव खुनाच्या गुन्ह्यात आत आहे. शितलच्या ऑपरेशनचं सांगायला मी गेले तेव्हा गजाआडून त्यानं विचारलं, “डॉक्टरीणबाई, करणी न्हवतीच, तर मंग आमी मारलं कुणाला?”

“तुमच्या नातवंडांना जेवू घालणाऱ्या बाईला,” मी म्हणाले.

वाचकहो, तांब्यातलं पाणी चाखायला डॉक्टर लागत नाही. त्या अंगणात तीनशे माणसं होती. एकानं जरी बोट बुडवून चाखलं असतं, तर सोजराबाई आज जिवंत असती. चमत्कार दिसला की आधी तपासा, प्रश्न विचारा, आणि तोवर कुणावर हात उचलू नका.