मी 'मैना मसाले'चा शिक्का

मी शिक्का बोलतोय. लाकडी मुठीचा, रबराच्या तोंडाचा, अगदी साधा. हल्ली आपली शाई आपणच बाळगणारे, टकटक वाजणारे शिक्के निघालेत. मी त्यातला नव्हे. मला आधी शाईच्या पॅडवर दाबावं लागतं. पण एकदा शाई लागली की जे काही सांगायचं ते मी ठासून सांगतो. निदान तेव्हा तरी माझी तशी समजूत होती.

नाशिकला शालिमारजवळच्या एका चिंचोळ्या दुकानात माझा जन्म झाला. दुकानदाराने विचारलं, "काय टाकायचं, ताई?"

"वर 'मैना मसाले'. खाली 'प्रोप्रायटर'."

"मैना म्हणजे मुलगी का तुमची?"

"नाही. मीच," ती म्हणाली, आणि स्वतःशीच हसली.

ते हसू मला पुढे कळलं. नामपूरच्या निवृत्ती भामऱ्यांची ही मैना लग्न होऊन योगेश ढोमसे यांच्या घरी आली, तेव्हा ताटातल्या तांदळात नवऱ्याने अंगठीने तिचं नवं नाव लिहिलं. उज्वला. सगळ्यांनी वाचलं, टाळ्या वाजवल्या, पेढे वाटले. मग ते तांदूळ गोळा करून डब्यात गेले, पण नाव काही पुसलं गेलं नाही. सिडकोतल्या त्या घरात तिला मैना म्हणणारं कुणी नव्हतं. म्हणून धंद्याला नाव द्यायची वेळ आली तेव्हा तिने ते आपलं जुनं नाव काढलं.

तिचा काळा मसाला मी चाखला नाही, मला जीभ नाही. पण वास यायचा. वडिलांच्या शेतातला कांदा वाळवून, तव्यावर काळा होईस्तोवर भाजून ती तो कुटायची, आणि शेजारपाजारचे लोक डबा घेऊन दारात यायचे. एकदा मिसळीच्या दोन-तीन हॉटेलांचे मालक भिमाजीशेठ स्वतः आले. मसाला चिमटीत धरून त्यांनी वास घेतला.

"ताई, हाच मसाला मला कायम पाहिजे. फक्त मला बिल लागतं. आणि पैसे मी फर्मच्या करंट खात्यावर टाकतो, घरच्या खात्यावर नाही. तेवढं खातं उघडा, की माल चालू."

एवढंच करायचं होतं. मसाला तिचा, चव तिची, नाव तिचं; बँकेने फक्त हो म्हणायचं होतं.

बँकेत निघालो त्या दिवशी निळ्या फायलीत आधार, पॅन, शॉप अॅक्ट, वीजबिल आणि फोटो एकमेकांना चिकटून बसले होते. मी मात्र पर्समध्ये, पॅडसकट. शेवटी शिक्कामोर्तब मीच करणार म्हणून माझी ऐट काही विचारू नका. मी बँकेचं नाव सांगत नाही. त्यात बँकेचा दोषही नव्हता.

काउंटरवर संजना नावाची तरुण मुलगी होती. तिने कागद शेजारी शेजारी मांडले आणि तिचं बोट थांबलं.

"मॅडम, आधारवर उज्वला योगेश ढोमसे. शॉप अॅक्टवरही तेच. पॅनवर मैना निवृत्ती भामरे. ह्या मैना कोण?"

"मीच."

"मग उज्वला?"

"त्याही मीच. पॅन लग्नाच्या आधी काढलं होतं, कॉलेजात असताना. बाकी सगळं नंतरचं."

संजनाने तोंड वाकडं केलं नाही, की आवाज चढवला नाही. उलट हळूच म्हणाली, "आमच्याकडे रोज एक तरी अशी केस येते. आडनाव बदललेलं असलं तर सोपं असतं हो. तुमचं तर नाव, मधलं नाव, आडनाव, तिन्ही वेगळी. सिस्टिमला ह्या दोन बाया दिसतात. पॅनवर उज्वला करून आणा. त्यासाठी लग्नाचा दाखला लागेल."

लग्नाचा दाखला काढलेलाच नव्हता. आपल्याकडे लग्नात बँड ठरतो, आचारी ठरतो, मानपानावरून रुसवेफुगवे होतात. दाखला काढायचं तेवढं राहून जातं. घरी आल्यावर तिने लग्नपत्रिका शोधली. पत्रिकेवर 'चि. सौ. कां. मैना' असं ठसठशीत छापलेलं, आणि उज्वलाचा कुठे पत्ता नाही. पत्रिका छापली तेव्हा उज्वला जन्मलीच नव्हती ना.

दाखल्यासाठी खेपा सुरू झाल्या. साक्षीदार गोळा करा, भटजींची सही आणा. इकडे भिमाजीशेठचा फोन: "ताई, थांबलोय मी. पण दुसराही एक मसालेवाला मागे लागलाय."

शेवटी योगेशराव बोलले. माणूस वाईट नाही. सातपूरच्या कंपनीतून आल्यावर बायकोबरोबर कांदा निवडायला बसणारा माणूस. मूळचे निफाडचे, चिडले की गावची भाषा तोंडात येते.

"लय झाल्या खेपा, उज्वला. माझं ते योगेश ट्रेडर्सचं खातं पडूनच हाय की. हार्डवेअरचं दुकान टाकायचं म्हणून काढलं होतं, ते काय झालं नाय. कागद सगळे तयार हायेत. त्याच नावावर बिल दे. तुझं नाव मागनं करू."

तिने निळी फाईल मिटून कपाटात ठेवली. मग म्हणाली, "बरं."

मी ऐकत होतो, आणि मला ओरडून सांगावंसं वाटलं की बाई, एवढ्यात बरं म्हणू नकोस. पण शाईवाचून मी मुका. ते 'मागनं' नावाचं गाव कुठे आहे हे मला अजून कळलेलं नाही. तिथे गेलेलं काहीच परत येत नाही.

धंदा चालला. भिमाजीशेठ खूश, पाकिटं छापली, त्यांवर योगेश ट्रेडर्स. एक नवा शिक्का आला, आपली शाई आपणच बाळगणारा. मी ड्रॉवरमध्ये गेलो, रबरबँड आणि संपलेल्या पेनांच्या सोबतीला. ज्याच्यावर मी उमटावं असा कागदच राहिला नव्हता.

वर्षं सरली. परवा तिचे वडील निवृत्तीआबा नामपूरहून आले. वाळवलेल्या कांद्याचं पोतं स्वतः घेऊन आले. गावात त्यांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की आपल्या मैनाच्या नावाचा मसाला नाशिकला खपतो. चहा पिता पिता त्यांनी एक पाकीट उचललं, डोळ्यांजवळ नेऊन वाचलं, मग उलटून पाठीमागूनही वाचलं.

"मैना, तुनं नाव कोठे शे?"

बाईने पदर सारखा केला. "ते बँकेत अडकलं, आबा. कागदावर मी उज्वला आहे ना."

योगेशराव तिथेच बसले होते. चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "आबा, ते नाव मीच लिहिलं होतं तांदळात. तेव्हा काय वाटलंच नाय त्याचं. समदेच लिहायचे."

ती उठली, ड्रॉवर उघडला आणि मला बाहेर काढलं. पॅड केव्हाचं सुकून गेलं होतं. तिने मला तोंडाजवळ धरून उबदार 'हाऽ' केलं, दोनदा केलं, पॅडवर घासलं, आणि कागदी पिशवीच्या एका तुकड्यावर दाबलं. मी होतं नव्हतं तेवढं बळ लावलं. 'मैना मसाले' उमटलं. पुसट होतं, पण वाचता येत होतं.

"हाऊ कागद माले दे," आबा म्हणाले. "गावमा दखाडसू."

गावात दाखवायला म्हणून घडी करून तो त्यांनी टोपीत ठेवला. एवढ्या वर्षांत मी उमटलो तो हा एकच कागद, आणि तोही बँकेत गेला नाही, बापाच्या टोपीत गेला.

आता मी पुन्हा ड्रॉवरमध्ये आहे. तुम्हाला एकच विनवणी. घरात सून आणाल तेव्हा ताटात तांदूळ खुशाल पसरा, पण त्यात लिहायचं ते तिचंच नाव लिहा. आमच्याकडे आबांची गाडी सुटल्यावर योगेशरावांनी बाहेरून हाक मारली, "मैना." बाई स्वयंपाकघरात होती. एवढ्या वर्षांत त्या नावाची सवय मोडलेली. तिला वाटलं, शेजारच्या कुणाला तरी बोलावताहेत, आणि ती कांदा भाजतच राहिली.