पास्कोलला प्रसाद

एर्मेलिन आणि मी बाजारात एकाच बाकावर मासळी विकायला बसतो. तिच्या तोंडाला गिऱ्हाइकंच काय, कुत्रीसुद्धा घाबरतात. "बांगडा शिळा आहे का गं?" असं कोणी विचारलं की ती म्हणते, "तुझ्या नवऱ्यापेक्षा ताजा आहे." पण रविवारची एर्मेलिन वेगळी. आमच्या चर्चमध्ये, इगर्जीत, आजाऱ्यांना आणि म्हाताऱ्यांना घरी जाऊन ख्रिस्तप्रसाद द्यायला काही माणसं नेमलेली आहेत. आमच्या वाड्याचं काम तिच्याकडे. मिस्सा संपली की फादर तिच्या छोट्या डबीत प्रसाद ठेवतात. ती डबी गळ्यात घालते आणि वाटेत कोणाशी एक शब्द न बोलता चालत जाते. कोणी हाक मारली तरी मान वर करत नाही.

वाड्यातल्या ट्रॉलरवाल्या पास्कोलला अर्धांगाचा झटका आला तेव्हा त्याच्या घरी प्रसाद न्यायचं काम ओघानेच तिच्याकडे आलं.

फादर अवेलिन आमच्याकडे नवीन होते, पण त्यांनी काहीतरी ऐकलं होतं. ते स्वतः तिच्या घरी आले. "एर्मेलिनबाय, तुमचं आणि पास्कोलचं काहीतरी जुनं आहे असं लोक म्हणतात. हवं तर दुसऱ्या कोणाला पाठवतो."

"दुसरं कोणी कशाला, फादर? माझ्या वाड्यातला माणूस आहे. मीच जाते."

फादरना भरून आलं. जाताना त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला. त्यांची स्कूटर वळणावरून दिसेनाशी झाली आणि एर्मेलिन दारातच हसत सुटली. मला म्हणाली, "देवाला उशीर होतो, पण वाढतो तेव्हा ताट भरून वाढतो बघ."

मला माहीत होतं ती कशाबद्दल बोलते आहे. सगळ्या वाड्याला माहीत होतं, पण कोणी बोलत नव्हतं.

तिचा नवरा इनास आणि धाकटा दीर एकाच होडीतून मासेमारीला जायचे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका धुक्याच्या पहाटे ते गेले आणि परत आले नाहीत. होडीच्या फळ्या किनाऱ्याला लागल्या. दीर सापडलाच नाही. इनास नदीच्या मुखाशी सापडला, तोही गळ्यातल्या दोऱ्याला बांधलेल्या पवित्र बेंतिणीवरून ओळखला, कारण चेहरा उरला नव्हता. त्याच दिवशी एर्मेलिनने धक्क्यावर पास्कोलचा ट्रॉलर पाहिला. पुढच्या टोकाला, नाळेवर, निळा रंग घासलेला होता. इनासच्या होडीचा निळा. तो रंग तिने स्वतः लावला होता. ती पोलिसांना घेऊन आली तोवर नाळ खरवडून पांढरी झाली होती. ट्रॉलरचा तांडेल कायतान म्हणाला की बोट त्या पहाटे धक्क्यालाच बांधलेली होती, इंजिन उघडून ठेवलं होतं. आणि पास्कोलने वाड्यावरच्या खुरसासमोर उभं राहून, क्रॉसवर हात ठेवून शपथ घेतली, "मी घरी झोपलो होतो." इगर्जीचा नवा मनोरा त्याने बांधून दिला होता. त्याचं नाव तिथे दगडात कोरलेलं आहे. कोणी कोणावर विश्वास ठेवला असेल ते सांगायला नको. उलट एर्मेलिनलाच लोकांनी सांगितलं, बाई, दुःखाने तुझं डोकं फिरलंय.

तेव्हापासून ती पास्कोलशी एक अक्षरही बोलली नव्हती. आता बोलणार होती, आणि त्याला उत्तर देता येणार नव्हतं. झटक्याने त्याची उजवी बाजू गेली होती. वाचा गेली होती. तोंडातून फक्त "आं" असा आवाज यायचा. पण समजत सगळं होतं.

पहिल्या रविवारी ती गेली. पास्कोलचा मुलगा परदेशी बोटीवर नोकरीला, घरात फक्त सून, लुर्दिन. लुर्दिनने पलंगाजवळ टेबलावर पांढरा कपडा घातला होता, मेणबत्ती लावली होती. प्रार्थना सांगून एर्मेलिन म्हणाली, "पोरी, तू जरा बाहेर बस. आजाऱ्याशी दोन शब्द देवाचे बोलते." लुर्दिन बाहेर गेली. एर्मेलिनने दार ओढून घेतलं आणि पलंगाच्या कडेला बसली.

"ओळखलंस ना रे पास्कोल? मी इनासची बायको."

त्याचे डोळे मोठे झाले.

"घाबरू नकोस. मारायला नाही आले. तुझ्यासाठी देव घेऊन आले आहे." आणि मग तिने त्याच्या कानाशी वाकून सांगायला सुरुवात केली. त्या पहाटे तिने इनासला काय बांधून दिलं होतं. तो जाताना काय म्हणाला. दिराच्या लग्नाची बोलणी कोणत्या घरी चालली होती. हळू आवाजात, घाई न करता. सांगून झाल्यावर तिने डबी उघडली, प्रसाद वर धरला. "ख्रिस्ताचं शरीर."

"आं," पास्कोल म्हणाला. हेच त्याचं आमेन. डोळ्यांतून पाणी उशीवर ओघळत होतं. तिने रुमालाने त्याचे गाल पुसले, अगदी हळुवार, कारण लुर्दिन दार उघडत होती.

"आंटी, किती माया आहे हो तुम्हाला," लुर्दिन म्हणाली.

त्या दुपारी एर्मेलिनने मोरी माशाचं आंबट-तिखट केलं आणि दोनदा भात वाढून घेतला. मला म्हणाली, "इनास गेल्यापासून अन्नाला अशी चव नव्हती गं."

मग दर रविवारी हेच. एका रविवारी तिने त्याला सांगितलं, माणूस बुडताना पहिल्यांदा काय गिळतो. एका रविवारी खेकड्यांचं सांगितलं. "मुखाजवळ खेकडे फार, तुला माहीतच आहे. ते डोळ्यांपासून सुरुवात करतात." नाताळच्या रविवारी तिने इनासचा फोटो नेला आणि त्याच्या छातीवर उभा करून ठेवला. पास्कोल मान फिरवायला गेला तर तिने हनुवटी धरून सरळ केली. "बघ. तू तेव्हा बघितलं नाहीस ना, आता बघ." आणि प्रत्येक वेळी शेवटी डबी, "ख्रिस्ताचं शरीर" आणि त्याचा तो "आं".

मी एकदा तिला म्हटलं, "अगं, हे बरं नव्हे. प्रसाद घेऊन जातेस तू."

"मी काय खोटं सांगते? एक शब्द तरी खोटा आहे?"

"खोटा नाही."

"मग? त्याने देवासमोर खोटं सांगितलं. मी देवासमोर खरं सांगते. कोण बरं?"

वाड्यात मात्र तिचं नाव होत होतं. बायका म्हणायच्या, शत्रूवर प्रेम करा हे आम्ही नुसतं ऐकतो, एर्मेलिन करून दाखवते. ती ऐकायची आणि मान खाली घालायची. लोकांना वाटायचं, विनय आहे.

ईस्टरआधीच्या उपासाच्या काळातला रविवार होता. त्या दिवशी तिने त्याला सगळ्यात वाईट गोष्ट सांगितली, जी तिने मलाही कधी सांगितली नव्हती. इनास गेला तेव्हा तिच्या पोटात होतं. ते राहिलं नाही. "तू तीन माणसं बुडवलीस, पास्कोल. दोन समुद्रात, एक माझ्या पोटात." मग तिने डबी उघडली.

पास्कोलने ओठ मिटून घेतले.

तिला वाटलं, झटक्यामुळे असेल. "उघड," ती म्हणाली. त्याने मान हलवली. नाही. मग तो धड राहिलेला डावा हात उचलून स्वतःच्या छातीवर मारायला लागला. मिस्सेत आपण "माझ्याच अपराधाने" म्हणताना मारतो तसा. एकदा, पुन्हा, पुन्हा. आणि ओठ घट्ट मिटलेले.

तिला कळलं, तो प्रसाद घ्यायला स्वतःला लायक समजत नव्हता. त्याने पहिल्यांदा मान्य केलं होतं. इतकी वर्षं तिला हेच हवं होतं. पण तिला तेव्हा संतापच आला. इतक्या सहज? एक हात छातीवर मारून?

"तोंड उघड! असा सुटणार नाहीस तू!" तिने प्रसाद त्याच्या ओठांवर दाबला. जोराने. पातळ चकती मोडली. अर्धी तिच्या बोटांत राहिली, एक तुकडा चादरीवर पडला.

एर्मेलिन मला सांगताना इथे थांबली होती. हातात तिच्या कोयता होता, समोर अर्धी साफ केलेली मोरी. म्हणाली, "त्या तुकड्याकडे बघितलं आणि कळलं. बाजारात भांडताना मी जसा मासा उगारते ना, तसा मी देव उगारला होता."

तिने तुकडा बोटाच्या टोकाने उचलला. नियम असा की असं काही झालं तर देणाऱ्याने तो स्वतः खायचा. तिने बोट ओठांपर्यंत नेलं. तोंड उघडेना. समोर पास्कोलचे ओठ मिटलेले, इकडे तिचे. तिने दोन्ही तुकडे परत डबीत ठेवले आणि मेणबत्ती न विझवताच निघाली.

फादर अवेलिन जेवायला बसत होते. तिने डबी त्यांच्यासमोर ठेवली. "हे त्याला देता येत नाही आणि मला खाता येत नाही." आणि सगळं सांगितलं, निळ्या रंगापासून चादरीपर्यंत.

फादरनी ताट बाजूला सारलं. मग त्यांनी विचारलं, "तुम्हाला नक्की काय हवं आहे?"

"खुरसापाशी खोटं बोलला होता. तिथेच खरं बोलावं. सगळ्यांसमोर."

"ते मागणं पाप नाही. पण प्रसाद हातात धरून मागितलंत, ते पाप आहे." त्यांनी डबी उचलली. "ही आता माझ्याकडे राहील."

"म्हणजे शिक्षा मला!" एर्मेलिन ओरडली. "त्याला मनोरा आणि मला शिक्षा! वा रे तुमचा देव!"

"ओरडा," फादर म्हणाले. "पण डबी देणार नाही."

ती तणतणत घरी आली. पुढचे काही रविवार ती मिस्सेला मागच्या बाकावर बसली आणि प्रसादासाठी उठली नाही. वाड्यात कुजबूज सुरू झाली. फादर मात्र डबी ठेवून घेतली त्याच संध्याकाळी पास्कोलकडे गेले होते. दार लावून बसले. आत काय कबूल झालं, ते फादर कधी सांगणार नाहीत आणि त्यांना कोणी विचारणारही नाही.

ईस्टर होऊन गेल्यावर लुर्दिन एर्मेलिनकडे आली. उभ्या उभ्याच म्हणाली, "आंटी, खुरसापाशी लादाइनीची प्रार्थना आहे. पप्पांना तिथे न्यायचंय. हाताने दाखवतात, सारखे खुरसाकडे बोट करतात. तुम्ही या. त्यांना बोलता येत नाही, विचारायला कोणीतरी हवं."

"तुला काय माहीत काय विचारायचं?"

"मी दाराला कान लावून ऐकत होते. पहिल्या रविवारपासून."

एर्मेलिन चपापली. "मग मला थांबवलं का नाहीस?"

लुर्दिनने नजर वळवली. "या घरात आल्यापासून मी त्यांच्या फक्त शिव्या खाल्ल्यात. मला ऐकायला बरं वाटायचं." मग म्हणाली, "आता नाही वाटत. आता रोज हाताने भरवताना त्यांचे डोळे बघावे लागतात."

लादाइनीला सगळा वाडा जमला होता. खुरसाला फुलं घातली होती, व्हायोलिन वाजत होतं. लुर्दिनने चाकांच्या खुर्चीतून पास्कोलला आणलं आणि गाणं संपल्यावर खुर्ची सरळ पुढे खुरसाजवळ नेऊन थांबवली. त्याने डावा हात उचलून क्रॉसच्या दगडावर ठेवला. लोक एकमेकांकडे बघायला लागले. एर्मेलिन गर्दीतून पुढे आली.

"पास्कोल, इनासच्या होडीवर तुझा ट्रॉलर गेला होता?"

"आं."

"तू स्वतः सुकाणूवर होतास?"

"आं."

"ते पाण्यात होते तेव्हा दिसले तुला?"

"आं."

"ओरडत होते?"

कोणीतरी मागून म्हणालं, "पुरे की गं, आजारी माणूस आहे." एर्मेलिन वळलीही नाही.

"ओरडत होते, पास्कोल?"

"आं." आणि तो रडायला लागला, लहान मुलासारखा, तोंड एका बाजूला वाकडं करून. त्याचा हात दगडावरून हलला नाही.

लोक पास्कोलभोवती पुढे सरकले. म्हातारा कायतान मात्र गर्दीतून हळूच मागे सरकायला लागला. एर्मेलिनने त्याला बरोबर हेरलं.

"कुठे निघालास रे तांडेल? इंजिन उघडायला?"

कायतान जागच्या जागी थिजला. "बाय, माझी पोरं लहान होती... पास्कोल म्हणाला..."

"पास्कोल काय म्हणाला ते पास्कोलने सांगितलं. आता तू सांग. मोठ्याने. माझा दीर ज्यांचा जावई होणार होता, ते आईबाप तिथे मागे उभे आहेत, त्यांना ऐकू जाऊ दे."

त्याने सांगितलं. मोठ्याने. मध्ये अडखळला तेव्हा एर्मेलिनने "पुढे" म्हटलं. सगळं संपल्यावर तिने दोघांकडेही बघितलं नाही. लादाइनीनंतर वाटतात ते उकडलेले चणे तिने मूठभर घेतले आणि खात खात घरी गेली. मी मागे गेले तर म्हणाली, "आज नको. आज मला एकटीला हे खाऊ दे."

पास्कोलच्या मुलाने बोटीवरून फोन करून लुर्दिनला वाटेल ते ऐकवलं. तो अजून एर्मेलिनशी बोलत नाही, समोर आली तर थुंकतो. कायतान वाडा सोडून मुलीकडे राहायला गेला. मनोऱ्यावरचं नाव काढायचं का यावर पुरुष दोन सभा भांडले आणि ते तसंच राहिलं.

पास्कोल त्यानंतर फार जगला नाही. फादर शेवटपर्यंत स्वतः त्याला प्रसाद द्यायला जात होते आणि तो तोंड उघडत होता, एवढं लुर्दिनने सांगितलं. मर्णाच्या मिस्सेला एर्मेलिन आली. सगळ्यांबरोबर कबरीत मूठभर माती टाकली. इतक्या जोराने टाकली की पेटीवर आवाज झाला आणि दोनचार माणसांनी माना वळवल्या.

आता ती पुन्हा प्रसाद घेते. डबी तिला परत मिळालेली नाही आणि तिने मागितलीही नाही. परवा बाकावर गिऱ्हाईक नव्हतं, तेव्हा मी धीर करून विचारलं, "केलंस का गं माफ त्याला?"

ती बांगड्यांवर पाणी शिंपडत होती. "कुठलं माफ! नाव काढलं की अजून पोटात आग होते."

"मग फादरना काय सांगतेस?"

"हेच सांगते. ते म्हणाले, त्याच्यासाठी रोज मारियामातेची एक नमान मारी म्हण. मी म्हटलं, फादर, मी रागाने म्हणेन. म्हणाले, रागाने म्हण." तिने ओला हात झटकला. "म्हणते. दात-ओठ खाऊन म्हणते. काल मध्येच 'आम्हा पाप्यांसाठी विनंती कर' ही ओळ आली, तर एकदम थांबले. मग पुढचं म्हटलं."