पाटाजवळची कुरकुर

चंद्रावतीची सोन्याची कुडी सुपारी-केळीच्या कुळागरात कुठेतरी कानातून गळून पडली, तेव्हा तिने शेजारच्या धाकू गावसांना हाक मारली. धाकू खाणीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. जावयाने दुबईहून आणलेला मेटल डिटेक्टर त्यांच्याकडे होता, आणि मये गावात कोणाचं काही हरवलं की लोक त्यांच्याच दारात येत.

सकाळचे दहा वाजले असतील. पहाटे पाणी सोडल्यामुळे सुपारीची आळी अजून ओली होती. धाकूंनी यंत्र सुरू केलं आणि ते एकसारखं कुरकुरायला लागलं.

"मशीन बिघडला काय, दादा?"

"नाय. हंयची माती लोखंडाची, ती थोडी कुरकुरताच."

पण त्यांनी खालची तबकडी जमिनीपासून वर उचलून स्थिर धरली, तरी आवाज थांबेना. मातीचा आवाज तबकडी हलली तरच येतो. हा विजेचा होता. त्यांनी दोघांचेही मोबाईल बंद केले. फरक पडला नाही.

"रस्त्यावरची लाइन आसतली," ते म्हणाले. "जरा खाली जावया."

दोघं उतारावरून पाटाच्या दिशेने गेली. लाइन मागे राहिली की आवाज कमी व्हायला हवा होता. तो वाढला.

"पंप चालू आसा?"

"नाय ओ. कधीच बंद केलंय."

धाकूंनी कंटाळून बटण फिरवलं, यंत्राची संवेदनशीलता अगदी खाली आणली. आवाज जेमतेम उरला.

"तुमी बघा, मी पाटात हात धुवन येतंय," म्हणत चंद्रावती अनवाणीच पुढे निघाली.

तिच्यामागे धाकूंनी दोन पावलं टाकली आणि यंत्र किंचाळलं. संवेदनशीलता इतकी खाली असताना! पंप बंद होता, पण घरातल्या मीटरपासून पंपाच्या खोपीपर्यंतची केबल याच मातीखालून गेली होती. पंप बंद केला तरी तिच्यात वीज असतेच. ती इथे कुठेतरी फुटली होती.

"वैनी! थंयच रवा!"

चंद्रावती जागीच थिजली. पाण्याची कड दोन हातांवर होती.

"किरडू काय?" पायांजवळ साप शोधत तिने विचारलं.

"किरडू नाय, करंट! पाय उचलू नकात. घासत घासत एकमेकांजवळ घ्या."

तिने तसं केलं. तिचे ओठ पांढरे पडले होते. "दादा, तळव्यांक मुंग्या येतत."

तिच्याकडे धाव घ्यावी असं धाकूंना वाटलं, पण ओल्या जमिनीत दोन पावलांत अंतर पडलं की वीज अंगातून जाते हे ठाऊक असल्याने पाय टाकायची हिंमत होईना. त्यांनी खिशातून मोबाईल काढला. बंद! त्यांनीच बंद केला होता. पडदा उजळला, चक्र फिरत राहिलं. एवढा वेळ त्याला कधी लागला नव्हता. "हलू नकात, वैनी," ते पुन्हा पुन्हा सांगत राहिले. अखेर चंद्रावतीच्या घरी, तिच्या सुनेला फोन लागला.

"विनोदिनी, मेन पाड!"

"काय झाला, काका?"

"आधी पाड, मगे इचार! मीटराखालचो!"

यंत्र किंचाळत होतं. आणि मग एकदम गप्प झालं.

तरीही चंद्रावती हलेना. धाकू हळूहळू तिच्यापर्यंत गेले, हाताला धरून तिला बांधावर आणलं, तेव्हा ती मटकन खाली बसली. पाटात चार बेडूक उलटे तरंगत होते. तेवढ्यात विनोदिनी वरून धावत आली, तीही अनवाणीच.

"थंयच रव!" चंद्रावती एवढ्या जोरात ओरडली की सून दचकून थांबली. वीज बंद आहे हे धाकूंनी तिला तीनदा समजावलं, तेव्हा कुठे तिने सुनेला जवळ येऊ दिलं.

दुपारी वायरमनने खणून पाहिलं. केबलवर पाट रुंद करताना बसलेला कुदळीचा घाव होता. त्याने केबल बदलली आणि विजेची गळती झाल्यास आपोआप पडणारा स्विच घरात बसवला. कुडी तिसऱ्या दिवशी केळीच्या बुंध्याशी सापडली.

ती द्यायला आलेले धाकू चहा पिता पिता म्हणाले, "वैनी, आवाजाक कंटाळान मी मशीन गप करूक बघी होतंय. गप झाला आसता तर मी पण हात धुवक इलो आसतंय."

त्या दिवशी धाकूंनीही चपला बांधावर काढून ठेवल्या होत्या, हे चंद्रावतीला आठवलं.