पाचवे शील

“गॅस हाय गो. बाकी काय नाय,” सुदाम म्हणाला, पण जीपच्या दांडीवरची त्याची बोटे पांढरी पडली होती.

“गॅसनं शर्ट भिजतो का? नवशा, गाडी दाब रे जरा!” त्याची पत्नी कमळ ओरडली.

“दाबतोय, वहिनी. दादा, दारूतनं मला वर काढलात, आता तुमीच मधी उतराल काय!”

सुदाम हसला नाही. भातगिरणीतला हा मापाडी आयुष्यभर एका जागी बसून गोड चहावर जगला. विहारात दर रविवारी पंचशील देताना पाचव्या शीलापाशी, मद्यत्यागापाशी, त्याचा स्वर विशेष गंभीर होई. त्याच सुदामला गतवर्षी शहापूरच्या डॉक्टरांनी सांगितले होते, “लिव्हरवर चरबी चढली आहे. हृदयही तपासून घ्या.” घरी येऊन तो म्हणाला, “सगळं बरं हाय.” लिव्हर केवळ पिणाऱ्याचेच बिघडते, अशी वाडीची दृढ समजूत होती.

मुरबाडच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी हृदयाचा आलेख पाहिला. “यात ठळक काही दिसत नाही. गॅसही असेल. आधी कुठल्या तपासणीत काही निघालं होतं?”

“नाय.”

“मग गोळी देते. घरी जा, त्रास वाढला तर या.”

कमळने सुटकेचा निःश्वास टाकला. नवशा खिशात किल्ली चाचपू लागला. सुदामच्या छातीवरचा भार मात्र आता जबड्यापर्यंत चढला होता. दोघांनी बाहेर जावे म्हणून तो क्षणभर थांबला. कोणीच हलले नाही.

“बाई,” तो म्हणाला, “लिव्हरला चरबी हाय माज्या. मागल्या वर्षी निघाली.”

नवशाची मान खाली गेली.

“आणि हे आता सांगता?” डॉक्टरीणबाई ताडकन उठल्या. “अशी चरबी असली की हृदयाच्या नळ्यांनाही धोका असतो. ही गोळी चघळा. सिस्टर, ॲम्ब्युलन्स बोलवा, कल्याणला न्यायचंय!” मग कमळचा चेहरा पाहून म्हणाल्या, “न पिणाऱ्यांनाही होतं हो हे.”

सुदामच्या डोक्याखालची उशी सारखी करण्याच्या निमित्ताने कमळ वाकली, आपले मुख त्याच्या मुखापाशी नेले, आणि हलकेच श्वास आत ओढला.

सुदामला कळले. त्याने ओठ विलग केले, आणि उरात होता नव्हता तेवढा श्वास तिच्यासाठी सावकाश सोडला.