बैल चालवणारा माउस

मित्रांनो, मी एक जुना माउस आहे. मला शेपूट आहे, पण दात नाहीत, म्हणून मांजराने माझ्याकडे कधी ढुंकूनही पाहिले नाही. माझ्या पोटात रबराची गोटी आहे. ती टेबलावर फिरली की कॉम्प्युटरच्या पडद्यावरचा बाण फिरतो, एवढाच माझा धंदा.

माझा जन्म परदेशातल्या कुठल्याशा कारखान्यात झाला. तिथले मला काही आठवत नाही. एकोणीसशे शहाण्णव साली नगरजवळच्या नागापूरच्या एमआयडीसीतल्या एका ऑफिसात मी कामाला लागलो. दीड वर्ष नुसत्या नटबोल्टच्या आकृत्या काढल्या. मग ते ऑफिस बंद पडले आणि कॉम्प्युटरसकट मी शेवगावला कल्याणच्या दुकानात आलो. कल्याण गावात केबल चालवायचा. गावातल्या दुकानांच्या हलत्या चित्रांच्या जाहिराती केबलवर दाखवायच्या, असे त्याच्या मनात होते.

चित्रे हलवायचे काम आले दुकानात लोकांचे अर्ज टाईप करणाऱ्या वृषालीकडे. नगरला क्लास करून आलेली, हसरी पण हट्टी मुलगी. चित्र चालवतात कसे, ते सांगतो. आधी चित्र काढायचे, मग त्याने जायच्या वाटेची रेघ काढायची. रेघेवरचे ठिपके धरून ओढले की वाट वाकते, चढते, उतरते, आणि चित्र मुकाट त्या वाटेने जाते. वृषालीने माझ्याकडून टेम्पो पळवून घेतले, फुगे उडवून घेतले. लोक चहाच्या हॉटेलात बसून आमचे काम बघत. मी तर हरभऱ्याच्या झाडावरच चढलो होतो.

त्या नादात एक गोष्ट राहून गेली. आमच्याकडची धूळ रोज थोडी थोडी माझ्या पोटात जात होती आणि मला उघडून पाहायचे कोणाला सुचत नव्हते.

अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात गावातले पशुखाद्याचे दुकानदार काकासाहेब यांनी आपल्या दुकानातल्या सरकी पेंडीची जाहिरात सांगितली. पेंड खाल्लेला बैल टेकडी चढतो आणि दिमाखात दुकानाच्या दारात उतरतो, असा बेत ठरला. वृषाली तोवर उमेदवारीवर होती. कल्याणने तिला स्पष्ट सांगितले की ही जाहिरात पसंत पडली तर कॉम्प्युटरची खुर्ची कायमची तिची. नाहीतर तो नगरहून माणूस आणणार आणि ती पुन्हा लोकांचे अर्ज टाईप करायला बसणार.

दुपारी काकासाहेब बघायला आले. बैल निघाला आणि उचकी लागल्यासारखा अडखळत टेकडी चढला.

"माझी पेंड खाऊन बैल लंगडतो, आसं लोक म्हनतील," काकासाहेब म्हणाले. संध्याकाळी परत येतो, असे सांगून ते गेले.

वृषालीने वाट सरळ करायला आणखी ठिपके घातले. बैल आणखीच उड्या मारू लागला. दोष माझा होता. माझी गोटी अडकत होती, म्हणून तिच्या हातची रेघ वेडीवाकडी येत होती. तिचे डोळे भरून आले, आणि मला फार वाईट वाटले. पण सांगणार कसा? कल्याणने मला उचलून दोनदा टेबलावर आपटले. तिसऱ्यांदा आपटणार, एवढ्यात वृषालीचे वडील सहादू तिचा डबा घेऊन आले.

घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात गिऱ्हाइकापुढे बैल चालवून दाखवायचे, हे सहादूंचे काम. त्यांनी पडद्यावरचा बैल दोनदा चालवायला लावला. मग कल्याणच्या हातातून मला काढून घेतले.

"बैल लंगडला तर आदी खूर बघत्यात. मारून काय हुतंय?"

त्यांनी मला उताणे केले आणि बोटाने चाचपून तळाची चकती फिरवली. गोटी त्यांच्या तळहातावर पडली. आत मळाच्या वळ्याच वळ्या. उपरण्याच्या टोकाने त्यांनी मला आतून पुसले, तेव्हा मला इतक्या गुदगुल्या झाल्या की विचारू नका. मग गोटी परत बसवून त्यांनी रेघेवरच्या ठिपक्यांकडे बोट दाखवले.

"आन येवढ्या खुट्ट्या कशाला ठोकल्यात, पोरी? ढोर बांधायचंय का चालवायचंय?"

वृषालीला हसू फुटले. तिने सगळी वाट पुसली आणि एका दमात नवी रेघ ओढली. मी कुठेही अडलो नाही. ठिपके ठेवले तीनच: पायथ्याला, माथ्यावर आणि दुकानाच्या दारात. माथ्यावरचा ठिपका तिने हलकेच ओढून गोलाई दिली. बैल निघाला, तसे सहादूही दोन पावले त्याच्याबरोबर चालले.

संध्याकाळी काकासाहेबांनी जाहिरात पाहिली. पुन्हा एकदा लावायला सांगितली. मग म्हणाले, "ह्यो बैल इकायचा हाय का?"

खुर्ची वृषालीची झाली. पुढे पोटात गोटी नसलेले नवे माउस आले आणि मी तिच्या टेबलाच्या खणात विसावलो. शिकाऊ मुले वैतागून काही आपटायला लागली की ती मला बाहेर काढते, उताणे करते आणि सहादूंची गोष्ट सांगते.

म्हणून मित्रांनो, तुमच्या जवळचे कोणी अडले, लंगडले, तर हात उगारण्याआधी त्याचा खूर बघा. आणि पुसताना जरा हळू, गुदगुल्या होतात.