म्हशीचा रिपोर्ट

"उद्यापासून दूध नको हो, चतुराबाई. ह्यांच्या पोटाला झेपेना झालंय."

दारातच सांगून टाकलं. आत पेपर वाचणाऱ्या आमच्या ह्यांनी चमकून मान वर केली. दगड खाल्ला तरी पचेल असं त्यांचं पोट!

"हौ ताई, जपा त्यांना," म्हणत चतुराबाईने कॅन उचलला. अंबरपेठेत आमच्या मागच्या गल्लीत तिच्या चार म्हशी. बारा वर्षं आम्ही तिचंच दूध घेत होतो.

खरं कारण माझ्या टेबलावर होतं. जनावरांच्या रोगनिदानाच्या सरकारी लॅबमध्ये मी सत्तावीस वर्षं रक्त तपासते. चतुराबाईची एक म्हैस सातव्या महिन्यात गाभडली, जनावरांच्या दवाखान्याने तिचं रक्त आमच्याकडे पाठवलं, आणि मालकाच्या रकान्यात मी चतुराबाईचं नाव वाचलं. ब्रुसेल्ला निघाला. हा रोग जनावराकडून माणसाला लागतो. मेलेलं पारडू किंवा त्यामागून पडणारी वार उघड्या हातांनी उचलली की झालंच. दूध उकळून प्यायलं तर काही होत नाही, हे मीच दहा जणांना शिकवते. तरी घरी येऊन पहिलं काम काय केलं, तर दूध बंद!

तिला सांगायला हवं होतं. पण रिपोर्ट आम्ही मालकाच्या हाती देत नाही. ज्या दवाखान्याने रक्त पाठवलं त्यांच्याकडे तो जातो, पुढचं ते बघतात. सांगतीलच ते, मला कशाला नसती उठाठेव, असं मनाशी म्हटलं. खरं बोलायचं तर तिची गिऱ्हाइकं तुटली असती आणि गल्लीत माझं नाव खराब झालं असतं, त्याची भीती वाटली. नियम मला नंतर सुचला.

दवाखान्यातले डॉक्टर लांब रजेवर होते आणि रिपोर्ट पाकिटातच पडून होता, हे कळायला फार उशीर झाला.

दोन महिन्यांनी, रविवारी सकाळी चतुराबाई आली. बसा म्हटलं तरी बसली नाही.

"अश्विनीचं पोट पडलं, ताई. पाचवा चालू हुता."

अश्विनी तिची सून. लग्नाला सहा वर्षं झाल्यावर दिवस राहिले होते.

"बुखार उतरंना, सांधे धरले. टायफॉइड म्हनून दीड महिना गोळ्या खाल्ल्या पोरीनं. आता मोठ्या दवाखान्यात म्हनले, म्हशीचा रोग हाय. ते मेलेलं पारडू तिनंच उचललं हुतं ना."

वेळेत सांगितलं असतं, तर पहिल्याच तापाला तिचं रक्त तपासून झालं असतं.

"म्हशीचं रगत तुमच्याच लॅबला गेलतं म्हनं. तुमाला मालूम हुतं?"

रिपोर्ट दवाखान्याकडे जातो, हे वाक्य अगदी ओठांवर आलं होतं. ते गिळलं.

"हो," मी म्हणाले. "माहीत होतं. म्हणूनच दूध बंद केलं."

तिने चार शिव्या घातल्या असत्या तरी बरं वाटलं असतं. रडलीसुद्धा नाही. "चुकलं हो माझं," म्हणता म्हणता मीच रडायला लागले आणि मला माझीच लाज वाटली.

"ते रडनं मागून करा," ती म्हणाली. "गल्लीत अजून तिघींकडं म्हशी हायेत. एकीची तर आज-उद्या व्यायला झालीय. चपला घाला."

मी तिच्यामागून निघाले. पहिल्याच दारात नामदेवरावांची बायको शेणाने भरलेल्या हातांनी बाहेर आली. चतुराबाईने मला पुढे केलं.

"ह्या सरकारी लॅबच्या बाई. ह्यास्नी समदं मालूम असतं. ऐक."

मी सांगायला लागले. म्हैस वेताना उघडे हात लावू नका, हातमोजे घाला. गाभडली तर पारडू आणि वार खोल पुरा, वर चुना टाका. घरात कुणाला दिवस गेले असतील तर तिला गोठ्यात पाठवू नका.

चतुराबाई दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होती. हे सगळं तीही पहिल्यांदाच ऐकत होती.